केनियाच्या किनाऱ्यावर सेवेला यायचंय? आधी हे वाचा

केनियात मिशनरी म्हणून यायचं मनात असेल, तर तिकीट काढण्याआधी तिथल्या एखाद्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, पत्र मिळवा. कोणत्या पाळकांच्या हाताखाली, कोणत्या गावात, कोणत्या कामासाठी, हे त्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं हवं. "प्रभूने बोलावलंय" हे खरंच असेल, पण तिथल्या विश्वासणाऱ्यांनीही बोलवायला हवं. ते बोलावणं आलं नसेल तर थांबा, प्रार्थना करा, पत्रव्यवहार करत राहा.

मी नाशिकच्या शरणपूरची, शिक्षणाने नर्स. नवरा सुतारकाम शिकवतो. आम्ही मोम्बासापासून आत, किलिफी काउंटीत, रबाई आणि कालोलेनीच्या मधल्या पट्ट्यात राहतो. मातीच्या भिंती, वर माकुटी म्हणजे नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, अंगणात दोन-चार शेळ्या, मागे मका आणि कसावा. पाऊस झाला तर मका येतो. २०२० च्या अखेरीपासून एकामागून एक हंगाम कोरडे गेले, त्यात घरंच्या घरं शेळ्या विकून बसली. लोक मिजिकेंदा समाजातले, म्हणजे नऊ जमातींचा समूह. रबाई ही त्यातलीच एक. ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, वाडवडिलांच्या कायांना, म्हणजे पवित्र रानांना, मानणारेही आहेत. पुष्कळदा एकाच घरात तिन्ही.

शरणपूरच्या माणसाला ही वाट परकी नाही, हे आपल्या तरुणांना कोणी सांगत नाही म्हणून सांगते. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं आपल्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, तिथेच अक्षर आणि हातकाम शिकली. जेकब वेनराइट त्यांच्यातलेच. मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन यांचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत ते होते आणि १८७४ मध्ये देहासोबत लंडनपर्यंत गेले. पुढे मोम्बासासमोर मुक्त झालेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसलं, तेव्हा तिथे आणि रबाईत शिकवायला, सुवार्ता सांगायला, नाशिकहून परतलेले हे लोक होते. त्यांच्याही आधी, १८४४ मध्ये, जर्मन मिशनरी योहान क्राफ मोम्बासाला उतरले. काही महिन्यांतच त्यांची बायको आणि नुकती जन्मलेली मुलगी दगावली. त्या दोघींना किनाऱ्यावरच पुरून ते आत रबाईला गेले. म्हणजे इथली मंडळी पावणेदोनशे वर्षांच्या घरातली आहे. तुम्ही येऊन इथे प्रभूची ओळख करून देणार नाही आहात. ती ओळख असलेल्या लोकांच्या घरी तुम्ही पाहुणे आहात. बाकी सगळं मी याच एका गोष्टीवरून सांगणार आहे.

कागदपत्रं

२०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. ती फिरायला येणाऱ्यांसाठी. त्या परवानगीवर येऊन दवाखान्यात किंवा शाळेत काम सुरू करू नका, "फुकट तर करतोय" ही सबब चालत नाही. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी क्लास आय नावाचा वर्क परमिट असतो. तो बोलावणाऱ्या संस्थेच्या नावावर मागावा लागतो, म्हणून वर पत्राचं इतकं सांगितलं. पासपोर्ट कार्यालयातून पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट आधीच काढून ठेवा. नर्स असाल तर केनियाच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय कोणाला सुई टोचू नका.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. ते पिवळं कार्ड पासपोर्टला कायम जोडून ठेवा. केनियाहून भारतात परतताना ते नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात. किनाऱ्यावर मलेरिया आहे. मच्छरदाणी पहिल्या रात्रीपासून, आणि ताप आला की आधी तपासणी, मग गोळी. घरून नेलेल्या गोळ्यांवर डॉक्टरकी करू नका.

पहिले काही महिने

काही वाटू नका. कपडे नको, बिस्किटं नको, फीचे पैसे नको. हे फार कठीण जातं, कारण समोर उपाशी मूल दिसतं आणि आपल्या पर्समध्ये पैसे असतात. पण मोम्बासातला भारतीय म्हणजे दुकानाचा, गिरणीचा, गोदामाचा मालक, असं इथल्या माणसाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं आहे. तुम्ही पहिल्याच आठवड्यात वाटायला बसलात की तुमची जागा ठरून जाते: तुम्ही देणारे, ते मागणारे. मग कोणी तुम्हाला खरं सांगत नाही. कोणती सून उपाशी राहते, कोणाचा नवरा नारळाच्या ताडीत पैसे घालवतो, कोणत्या घरात दोन वर्षांपासून मुलगी शाळेत गेलेली नाही, हे मालकाला कोण सांगेल?

त्याऐवजी भाषा शिका. स्वाहिली रोज दोन तास, शेजारच्या एखाद्या शिक्षकाकडून, त्याला फी देऊन. वडीलधारी माणूस दिसलं की "शिकामो" म्हणायचं, ते "माराहाबा" म्हणतात. कोणाच्या दारात गेलात की बाहेरूनच "होडी" म्हणा आणि आतून "कारिबू" येईपर्यंत पायरी चढू नका. नमस्कार-चमत्कारात घाई केली तर पुढच्या कामाला कोणी बसत नाही. घरचे कसे, शेळ्या कशा, पाऊस तुमच्याकडे पडला का, एवढं झाल्यावरच विषय काढायचा. आपल्या खेड्यांत वाढलेल्यांना हे सांगावं लागत नाही, शहरातल्या मुलांना लागतं. आयांना त्यांच्या मुलाच्या नावाने, "अमक्याची मामा", म्हणजे आई, असं हाकारतात. ते नाव लक्षात ठेवा.

गावात चीफ असतो. हा सरकारने नेमलेला अधिकारी. त्याच्या खाली उपचीफ आणि गावातली वडील मंडळी. त्यांच्याकडे पाळकांसोबत जाऊन स्वतःची ओळख करून द्या. बराझा म्हणजे गावसभा भरते, तिथे मागे बसून ऐका. बायका असाल तर दोन लेसो, म्हणजे छापील सुती कापडं, घ्या, कमरेला गुंडाळायला आणि डोक्यावर घ्यायला. लेसोवर स्वाहिलीत एक म्हण छापलेली असते. घेण्याआधी शेजारणीकडून ती वाचून घ्या. काही म्हणी शेजारणीला टोमणा मारायला असतात, आणि त्या कोणी कोणासाठी नेसल्या हे गावभर कळतं.

आणि या महिन्यांत एकच प्रश्न मनात ठेवा: माझ्या येण्याआधी इथे कोण कोणाला देत होतं? हा प्रश्न धरला की गाव दिसायला लागतं. बायकांचा चामा असतो, आपल्या भिशीसारखाच: आठवड्याला ठरलेली रक्कम, पाळीपाळीने एकीला. मयत झालं की मटांगा असतो, म्हणजे दिवसचे दिवस चालणारं दुखवट्याचं बसणं. तिथे प्रत्येक घर काहीतरी देतं आणि वहीत लिहिलं जातं. हरांबी, म्हणजे सगळ्यांनी मिळून पैसे जमवणं, असते, लग्नाला, ऑपरेशनला, कॉलेजच्या फीला. मशिदीतून जकात, म्हणजे गरिबांसाठीचं दान, जाते. आजारी बाईचं पाणी शेजारणी आपसूक भरतात, २० लिटरचा पिवळा कॅन डोक्यावर घेऊन. हे लोक गरीब आहेत, पण देणं त्यांना आपल्याहून जास्त येतं. मटांग्याला जा, शेजारी देतात तेवढंच द्या. दुप्पट देऊ नका, वहीत तुमचं नाव त्यांच्या नावांच्या वर जायला नको.

जेवण

लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना झोळी आणि जोडे न घेता पाठवतो आणि जे वाढतील ते खा म्हणतो. इथे ते शब्दशः पाळा. सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत म्चिचा, आपल्या माठासारखी पालेभाजी. सकाळी नशीब चांगलं असेल तर म्बाझी: अख्खी तूर नारळाच्या दुधात शिजवलेली, सोबत महामरी, म्हणजे पुरीसारखे तळलेले गोडसर पाव. आपल्याला डाळीच्या घरी आल्यासारखं वाटतं.

मात्र एक समजून घ्या. पाहुणा आला की कोंबडी कापली जाते, आणि ती कोंबडी कदाचित पोराच्या गणवेशासाठी राखलेली असते. नको म्हटलं तर अपमान, खाल्लं तर त्यांचं नुकसान. म्हणून गरीब घरी पहिल्यांदा जाताना जेवणाची वेळ टळून गेल्यावर जा, मुद्दाम, आणि हातात साखर, चहापत्ती, साबण घेऊन जा. हे पाहुण्याचं नेहमीचं नेणं आहे, मदत नाही. चहा झाला की मान राहतो आणि कोंबडीही राहते.

देण्याची वेळ येते तेव्हा

ती येतेच. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ फुंझाला जातो, म्हणून त्याच्यावरच सविस्तर लिहिते. बाकी मदतीची रीतही त्यातून कळेल.

फुंझा म्हणजे मातीतली बारीक पिसू. मादी तळव्यात, नखाखाली, टाचेत शिरते आणि अंड्यांनी फुगते. एक-दोन असल्या तर खाज. पन्नास-शंभर झाल्या की मूल टाचांवर चालतं, मग चालतच नाही, मग शाळा सुटते. म्हातारी माणसं घराबाहेर पडत नाहीत. लोक सुईने किंवा काट्याने उकरून काढतात, एकच सुई घरभर फिरते, त्यातून जखमा चिघळतात आणि धनुर्वात, रक्तातून पसरणारे आजार यांचा धोका येतो. याला घाणेरडेपणा म्हणून हिणवतात, काहीजण करणी समजतात. खरं कारण कच्ची, भुसभुशीत जमीन, पायात काही नसणं आणि पाणी लांब असणं.

नवीन आलेली मंडळी काय करतात? शाळेच्या मैदानात रांग लावतात, बादल्यांत जांभळं परमँगनेटचं पाणी, हातमोजे, कॅमेरा, आणि वर्गमित्रांसमोर मुलांचे पाय. कृपा करून हे करू नका. त्या मुलाला पुढे वर्षभर त्या रांगेवरून चिडवतात.

आम्ही असं करतो. गावात आरोग्य स्वयंसेविका असते. २०२३ पासून सरकारने देशभर सुमारे १ लाख अशा स्वयंसेवकांना किट आणि छोटं मानधन दिलं आहे. घरोघरी कोणाला काय आहे हे तिला ठाऊक असतं. ती पुढे, मी मागे. घराच्या मागच्या बाजूला, सावलीत, आधी आजी-आजोबांचे पाय, मग आईबापांचे, मग मुलांचे. मोठ्यांचे आधी केले की मुलांची लाज जाते. पाय साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, आणि डायमेटिकोनचं तेल प्रत्येक ठिपक्यावर सोडायचं. हे तेल पिसूला गुदमरवून मारतं, उकरावं लागत नाही, दुखत नाही. मेलेली पिसू पुढच्या दिवसांत कातडीसोबत आपोआप निघून जाते. धनुर्वाताची लस झालीय का विचारायचं, नसेल तर सरकारी डिस्पेन्सरीत पाठवायचं, आपण टोचायची नाही. घरातला कुत्रा, शेळ्या यांच्याही पायांत फुंझा असतो, तिकडे पाहिलं नाही तर महिन्यात सगळं पुन्हा.

पाय बरे झाले तरी जमीन तशीच राहिली तर काय उपयोग? जमिनीचं काम चामातल्या बायकांनी हातात घेतलं. ज्या बाईची पाळी, त्या आठवड्यात सगळ्याजणी तिच्या घरी: वारुळाची माती आणायची, पाणी घालून धुमसायची, टणक करायची. जिथे जमतं तिथे वर सिमेंटचा पातळ थर. सिमेंटच्या पोत्याचे अर्धे पैसे चामाचे, अर्धे मंडळीच्या निधीतून. कोणाचं घर आधी, हे त्यांच्या बैठकीत ठरतं. मी त्या बैठकीत मत देत नाही. एकदा त्यांनी मला पटलं नाही अशा घराला आधी घेतलं. पुढे कळलं की त्या घरातल्या म्हातारीला लोक जादूटोणा करणारी म्हणत होते, आणि सगळ्या बायका तिच्या अंगणात दिवसभर राबल्या की ते बोलणं थांबेल, असा त्यांनी विचार केला होता. बाहेरून आलेल्या मला हे कधीच सुचलं नसतं.

फीच्या मदतीचीही हीच रीत. प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे, पण गणवेश, बूट, दुपारचं जेवण, परीक्षेचे पैसे लागतात. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी दारात रांग लागते. प्रत्येकाला मंडळीच्या वडीलधाऱ्यांकडे पाठवा. पैसे थेट शाळेला भरा, पालकांचाही वाटा असू द्या, मग तो दोन कोंबड्या का असेना. मोबाइलवरून एम-पेसाने भरलं की पावती आपोआप राहते. कोणी किती दिलं आणि कुठे गेलं, हे महिन्याच्या शेवटी स्वाहिलीत लिहून मंडळीच्या दारावर लावा. भारतातल्या देणगीदारांना हिशेब पाठवतो, तसाच ज्यांच्यासाठी पैसे आले त्यांनाही दाखवायला हवा.

अनाथाश्रम काढायचा विचार असेल तर तो घरीच सोडून या. केनियाने २०१७ पासून नवीन बालगृहांची नोंदणी थांबवलेली आहे आणि २०२२ च्या बालक कायद्याचा सगळा भर मुलाला कुटुंबात ठेवण्यावर आहे. आश्रमांत गेलेल्या पुष्कळ मुलांचे आईबाप किंवा आजी जिवंत असतात, नेलेलं असतं ते गरिबीने. तोच खर्च त्या आजीच्या घरात केला तर मूल आपल्या माणसांत राहतं.

प्रार्थना आणि उपदेश

इथे सगळ्यात जपून. एप्रिल २०२३ मध्ये आमच्याच काउंटीत, शाकाहोलाच्या जंगलात, एका उपदेशकाच्या मागे गेलेल्या लोकांची थडगी सापडली. येशूला भेटायला उपास करा असं त्यांना शिकवलं होतं. ४०० हून अधिक देह उकरून काढले, त्यात लहान मुलं होती. हे घडलेल्या भूमीवर तुम्ही बायबल हातात घेऊन उभे राहता, हे दर रविवारी लक्षात असू द्या.

म्हणून माझे नियम ठाम आहेत. कोणालाही उपास सांगायचा नाही, ज्या घरात एकच वेळ चूल पेटते तिथे तर नाहीच. औषध बंद करा असं सुचवायचंही नाही. एचआयव्हीच्या, टीबीच्या, फिटच्या गोळ्या चालू असतील तर प्रार्थनेच्या शेवटी "गोळी घेतलीस का?" हे विचारायचंच. प्रार्थना दार उघडं ठेवून, घरच्यांसमोर. प्रार्थनेबद्दल कोंबडी, पैसे, काही घ्यायचं नाही. आणि अन्न किंवा फुंझाचं तेल देताना उपासनेला या असं म्हणायचं नाही. मुसलमान शेजाऱ्याला तेच तेल, त्याच दिवशी, त्याच हाताने.

आजाराचं कारण म्हणून कोणत्याही माणसाकडे बोट दाखवू नका, प्रार्थनेच्या ओघातही नाही. "ज्याने हे केलं त्याला प्रभू पाहून घेईल" अशी एक ओळ पुरते. किलिफीत पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्यांना चेटकी ठरवून मारलं जातं, त्यामागे बहुतेकदा जमिनीची वाटणी असते. गान्झे भागात, काया गोडोमात, जीव वाचवून पळालेले असे आजोबा-आजी एकत्र राहतात. त्यांना भेटायला जा. मी गेले त्या दिवशी एका आजोबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, आणि इतकी लांब प्रार्थना मी फार थोड्या वेळा ऐकली आहे.

सुट्टीवर आल्यावर

मंडळ्यांमधून बोलायला बोलावतात. फोटो दाखवायचे असतील तर आधी त्या घरची परवानगी, आणि तो फोटो शेजारच्या घरी लावला तर त्यांना कसं वाटेल, हे त्यांनाच विचारून. चिघळलेल्या पायांचे फोटो मी दाखवत नाही, धुमसलेल्या जमिनीचे दाखवते, चामाच्या बायका हसत उभ्या आहेत असे. पैसे कमी जमतात हे खरं आहे. तरी दाखवत नाही.

लोक प्रेमाने जुने कपडे आणून देतात. ते नाशिकमध्येच द्या. केनियात मिटुम्बाच्या, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बाजारात शर्ट अगदी स्वस्तात मिळतो, आणि तो विकणारी बाई आमच्याच मंडळीतली असू शकते. बूट, साबण, सिमेंट, गणवेश, सगळं इथल्याच दुकानातून, इथल्याच शिंप्याकडून घ्यायचं. फुंझाचं तेल तेवढं महाग पडतं. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा वर्षभर दरमहा थोडं देणारी घरं मिळाली, तर जानेवारीच्या फी आणि पावसाआधीचं सिमेंट दोन्ही वेळेवर होतं. ज्या घराला दरमहा जमणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, त्यांनी आम्हाला पत्र लिहावं. आम्ही ते रविवारी स्वाहिलीत वाचून दाखवतो, आणि मंडळी उत्तर पाठवते.